दार तासू नका, बिजागरी बघा!

दार चौकटीला घासायला लागलं की सुताराच्या पिशवीतून सगळ्यात आधी बाहेर येतो तो रंधा. का? दाराने काय पाप केलंय? दार होतं तेवढंच आहे, चौकटही तेवढीच आहे. वरची बिजागरी ढिली झालीय, म्हणून कडीकडची बाजू खाली आलीय, एवढंच. पण बिजागरीकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही. कोपरा तासायचा, भुसा झाडायचा, "आता बघा कसं लागतंय" म्हणायचं आणि चालू पडायचं. काही महिन्यांत दार आणखी उतरतं, की पुन्हा रंधा. चांगलं भरीव दार असं तासून तासून वाकडं करतात. संताप होतो नुसता!

मुळात बिजागरी निवडताना कोणी डोकंच चालवत नाही. लाकूड चार ठिकाणी बघतात, हँडल हातात घेऊन निरखतात, रंगाच्या छटांवरून घरात वाद घालतात. आणि बिजागऱ्या? "द्या कुठल्याही चार इंची." अहो, कुठल्याही म्हणजे काय? दोन मीटर उंच, ९० सेंटिमीटर रुंद आणि ३५ मिलिमीटर जाड असं भरीव लाकडाचं दार सहज ३५-४० किलो भरतं. एवढं वजन एकाच बाजूला टांगलेलं असतं. त्यामुळे वरची बिजागरी कायम चौकटीतून बाहेर ओढली जाते आणि खालची आत दाबली जाते. दार जितकं रुंद, तितकी ही ओढ जास्त. म्हणून जड दाराला दोन बिजागऱ्यांवर भागवायचंच नाही. तीन हव्यात, जाड पाकळ्यांच्या (दारावर आणि चौकटीवर बसतात त्या पट्ट्या) हव्यात, आणि दार फारच जड असेल तर तिसरी मधोमध न लावता वरच्या बिजागरीजवळ घ्यायची, म्हणजे ओढ दोघींत वाटली जाते. दिवसभर उघडझाप होणाऱ्या जड दाराला बॉल बेअरिंगची, म्हणजे सांध्यात छरे असलेली, बिजागरी घ्यावी, कारण साध्या बिजागरीत धातूवर धातू घासून झिजतो आणि दार हळूहळू खाली बसतं. विकणाऱ्याने फक्त विचारायचं असतं, दार किती जड आहे आणि कुठे बसणार आहे. तो प्रश्न कधी येतच नाही. येतं ते एकच उत्तर, "सगळे हीच नेतात."

आणि स्क्रू! यावर तर बोलावं तेवढं थोडं. बिजागरी दणकट घेतली तरी ती धरून ठेवतात स्क्रूच ना? मग चाळीस किलोच्या दाराला नखाएवढे स्क्रू कशाला? तेही फिरवायचे नाहीत, हातोडीने ठोकायचे आणि शेवटी दाखवण्यापुरते दोन वेढे द्यायचे. ठोकलेला स्क्रू लाकडाचे तंतू फाडत आत जातो. स्क्रूच्या आट्यांना धरायला काही उरतच नाही. आधी बारीक भोक पाडून लांब स्क्रू फिरवत बसवायला असा किती वेळ लागतो? भोक मोठं झालं असेल तर त्यात सरस लावून लाकडी खुंटी ठोकावी, वाळू द्यावी आणि नव्याने भोक पाडावं. हे न करता तोच ढिला स्क्रू पुन्हा पुन्हा आवळत राहतात. बिजागरीची खाच जास्त खोल मारली तर दाराची कड चौकटीला भिडते, स्क्रूचं डोकं वर राहिलं तर पाकळ्या नीट मिटत नाहीत, आणि लावलेलं दार आपोआप परत उघडतं. तेव्हाही दोष दारालाच!

बाथरूमच्या दाराची फसवणूक वेगळीच. "स्टेनलेस आहे, बघा, चुंबक चिकटत नाही." असली चाचणी दाखवणाऱ्यांचा मला विशेष राग आहे. २०२ दर्जाच्या स्टीललाही चुंबक सहसा चिकटत नाही, पण त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असतं, त्यामुळे सतत ओल असेल तर ते ३०४ दर्जाच्या स्टीलपेक्षा लवकर गंजतं. चुंबकाने हा फरक कळूच शकत नाही. दर्जा लिहिलेला बघा, बिलावर लिहून घ्या. आणि स्क्रूही स्टेनलेसचेच वापरा, नाहीतर बिजागरी शाबूत राहते आणि स्क्रू गंजून तुटतात.

कपाटांच्या आतल्या, ३५ मिलिमीटरच्या वाटीच्या (दारातल्या गोल भोकात वाटी बसते त्या) बिजागऱ्यांना तर वर-खाली, आत-बाहेर करायचे स्क्रू दिलेलेच असतात. कपाटाची दारं तिरकी दिसत असतील तर एका स्क्रूड्रायव्हरचं काम आहे. पण लोक वर्षानुवर्षं ती तिरकी दारं सहन करतात, कारण बसवणाऱ्याने हे दाखवलेलंच नसतं.

सगळ्यात चीड येते ती बाहेर उघडणाऱ्या मुख्य दाराची. आतून महागडं कुलूप, वर साखळी, आणि बिजागरीची पिन बाहेरच्या बाजूला, वर ठोकली की निघेल अशी! अशा दाराला न निघणाऱ्या पिनची बिजागरी लागते, किंवा पाकळीतच खुंटी असलेली, म्हणजे पिन काढली तरी बंद दार चौकटीतून सुटत नाही. बसवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. तरी सांगत नाही. विचारलं तर म्हणतो, "तुम्ही बोलला नाहीत." अरे, आम्ही कशाला बोलायचं? काम तुझं आहे ना!