गुंतागुंत म्हणजे अचूकता नव्हे

पोलादी कवच आणि दोन तबकड्या असलेल्या एका मनगटी घड्याळाचे छायाचित्र समाजमाध्यमांवर फिरत आहे. घड्याळ खरे आहे: पाटेक फिलिप कंपनीचे ग्रँडमास्टर चाइम, जे ९ नोव्हेंबर २०१९ रोजी जिनिव्हातील लिलावात ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकला विकले गेले. छायाचित्राखालचा मजकूर मात्र सांगतो, की हे जगातील सर्वांत अचूक घड्याळ आहे, त्यातील टूर्बियाँ या फिरत्या रचनेमुळे गुरुत्वाकर्षणाचा परिणाम शून्य होतो, मिळालेली किंमत ही त्या अचूकतेची पावती आहे आणि त्यातील कॅलेंडरला पुढची अनेक शतके हात लावावा लागत नाही.

टूर्बियाँपासून सुरुवात करू, कारण या घड्याळात टूर्बियाँ नाहीच. ज्या घड्याळांत ते असते, तिथेही गुरुत्वाकर्षण नाहीसे होत नाही. अब्राहम-लुई ब्रेगे यांनी १८०१ मध्ये पॅरिसमध्ये या रचनेचे पेटंट घेतले, तेव्हा घड्याळे खिशात असत आणि दिवसभर एकाच बाजूने उभी राहत. बॅलन्स चक्राच्या, म्हणजे मागे-पुढे झोके घेत वेळ मोजणाऱ्या चाकाच्या, वजनात किंचितही असमतोल असला, की अशा उभ्या स्थितीत घड्याळ पुढे जाते किंवा मागे पडते. बॅलन्स आणि त्याला झोके देणारी यंत्रणा एका छोट्या पिंजऱ्यात बसवून तो पिंजरा, बहुधा मिनिटाला एकदा, फिरवत ठेवला, तर एका बाजूला झालेली चूक विरुद्ध बाजूला झालेल्या चुकीने बरीचशी भरून निघते. म्हणजे चुकीची सरासरी काढली जाते, तिचे कारण तसेच राहते. मनगटावरच्या घड्याळाची दिशा तर हाताच्या हालचालीने आपोआपच बदलत असते. टूर्बियाँ पाहायला सुंदर आणि बनवायला अवघड असते, हे मला पूर्ण मान्य आहे. पण तो वेगळा मुद्दा झाला.

अचूकतेचा दावा तर आकड्यांपुढे क्षणभरही टिकत नाही. स्विस क्रोनोमीटर चाचणीत उत्तीर्ण होण्यासाठी यांत्रिक घड्याळाची सरासरी चाल दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे या मर्यादेत असावी लागते. ज्या यंत्रात एका दिवसाचे ८६,४०० सेकंद केवळ एक स्प्रिंग आणि एक चक्र मोजते, त्याच्यासाठी ही कामगिरी थक्क करणारीच आहे. तरीही रोजचे ६ सेकंद म्हणजे महिन्याला ३ मिनिटे होतात, आणि १९६९ मध्ये बाजारात आलेल्या सेइको अ‍ॅस्ट्रॉन या पहिल्या क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या आणि स्फटिकाच्या कंपनांवरून वेळ मोजणाऱ्या, मनगटी घड्याळाची चूक महिन्याला केवळ ५ सेकंदांची होती. ज्या २०१९ मध्ये हा लिलाव झाला, त्याच वर्षी सिटिझनने वर्षाला १ सेकंदाची चूक सांगणारे क्वार्ट्झ यंत्र आणले.

कॉम्प्लिकेशन्स, म्हणजे वेळ दाखवण्यापलीकडची कामे, चालीला मदत करत नाहीत. उलट तिच्यावर भार टाकतात. मिनिट रिपीटर घ्या. बारा वाजून एकोणसाठ मिनिटांनी त्याची कळ सरकवली, की बारा खर्जाचे टोले, तीन पाव तासांसाठी तीन जोड-टोले आणि उरलेल्या चौदा मिनिटांसाठी चौदा उंच स्वराचे टोले ऐकू येतात. टोले मोजण्यासाठी आत गोगलगायीच्या शंखासारख्या, पायऱ्या कापलेल्या चकत्या असतात. त्यांवर एक बारीक तरफ टेकते आणि ती जितकी खोल जाते तितके टोले पडतात. अंधारात वेळ कळावी म्हणून योजलेल्या या युक्तीचे मोल मला कोणत्याही टूर्बियाँपेक्षा जास्त वाटते. ग्रँडमास्टर चाइममध्ये अशा टोल्यांनी चाल मंदावू नये म्हणून त्यांना शक्ती पुरवणारी व्यवस्थाच वेगळी ठेवली आहे.

किमतीविषयी फार लिहिण्याची गरज नाही. तो लिलाव ड्यूशेन स्नायुविकारावरील संशोधनाला निधी मिळावा म्हणून भरवला होता, आणि पोलादात हे घड्याळ एकच बनवले गेले होते. बोली लागली ती दुर्मिळतेवर आणि सत्कार्यावर.

राहिले कॅलेंडर. हे घड्याळ हाताने चावी देण्याचे आहे आणि पूर्ण चावी दिल्यावर सुमारे ७२ तास चालते. त्यानंतर ते थांबले, की तारीख, वार, महिना आणि चंद्रकला पुन्हा लावाव्याच लागतात. ते चालू राहिले तरी, अशा बहुतेक कॅलेंडरांप्रमाणे त्याचा हिशेब चार वर्षांच्या चक्रावर बेतलेला आहे आणि दर चौथे वर्ष ते लीप वर्षच धरते. १५८२ च्या ग्रेगोरियन सुधारणेनुसार मात्र ४०० ने भाग न जाणारी शतकवर्षे लीप वर्षे नसतात. २००० ला भाग जात होता, म्हणून तेव्हा काही बिघडले नाही. २१०० ला जात नाही. त्या वर्षी २८ फेब्रुवारीच्या मध्यरात्री हे घड्याळ २९ तारीख दाखवेल, आणि ज्याच्या मनगटावर ते असेल त्याला ती स्वतःच्या हाताने १ मार्चवर आणावी लागेल.