साडेनऊचा शो

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर एकाने टाकलं, "कंटेंट चांगला असेल तर पिक्चर चालतोच." त्याखाली २२ अंगठे. त्यातलं आमचा पिक्चर बघायला कोण आलं होतं, माहितीये? कोणीच नाही.

शो मिळाला मंगळवारी सकाळी साडेनऊचा, तोही एकच. आमच्या पिक्चरमध्ये मासेवालीचं काम केलेली आजी खरोखरच मासे विकते, साडेनऊला ती बाजारात सुरमई कापत असते. ती कशी येणार?

शूटिंग जूनमध्ये केलं, कारण १ जूनपासून मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, तांडेल म्हणजे होडीचे म्होरके मोकळे, सगळे फुकट आले. (पाऊस मोकळा नव्हता, कॅमेऱ्यावर ताडपत्री.) मग सेन्सॉर. तांडेलाने बिडी ओढली की खाली इशारा टाका, फ्रेममध्ये कुत्रा आला तर प्राणी कल्याण मंडळाचं पत्र आणा, कुत्रा आमच्याच दारातला हो! तेही केलं. मग थिएटरच्या सर्व्हरचे पैसे वेगळे, फाइल उघडायची डिजिटल किल्ली वेगळी आणि ती पण ठरलेल्या तारखांपुरतीच, म्हणजे माणूस येवो न येवो, मीटर चालू. ११ तिकिटं गेली, त्यातली सात घरची.

थिएटरवाल्यालाही लाइट बिल येतं, मान्य. आमचा इंटरव्हलनंतरचा भाग रेंगाळतो, तेही मान्य. पण ते कळायला आधी कोणीतरी बघायला नको?

२०१५ साली सरकारने मल्टिप्लेक्सना सांगितलं, मराठीला प्राइम टाइम द्या. आमच्या गावात एसटी धड येत नाही, प्राइम टाइम कुठून येणार! त्याच वर्षी 'कोर्ट' या मराठी पिक्चरला राष्ट्रीय पुरस्काराचं सुवर्णकमळ मिळालं, पण आमच्या वाडीत तो थिएटरात बघितलेला माणूस मला अजून भेटायचाय. आणि प्लीज, "लोकांना पेशन्स नाही" म्हणू नका. हीच माणसं जत्रेत दशावताराला बसतात ती पहाटेच उठतात.

परवा बाजारात आजी बांगडे पिशवीत टाकता टाकता म्हणाली, "झिला, माका पिक्चर कदी दाखवतलस? मी मेल्यावर?" मला काही बोलताच आलं नाही. तिने वर दोन बांगडे जास्त टाकले.

शिव्या घालायलाच बसलो होतो खरं तर. जाऊ दे. शनिवारी रात्री जेवणं उरकली की देवळाच्या सभामंडपात लावतो. पडदा आहे, प्रोजेक्टर कुडाळहून आणायचाय, कोणाची गाडी रिकामी असेल तर सांगा. २२ अंगठेवाल्यांनी चटया आपापल्या आणाव्यात, पुढची जागा आजीची आहे.