पडवीतले गुरुजी

शाळा सुटली की बाकीची पोरं घरी जात. माझ्याबरोबर शाळाच घरी येई. आमच्या पडवीतल्या खोलीत गुरुजी राहायला होते. सात इयत्तांना मिळून मास्तर दोनच, त्यामुळे वरच्या वर्गात गेलो तरी सुटका नव्हती.

गुरुजी घाटावरचे, साताऱ्याकडचे. कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत असे घाटावरून आलेले मास्तर पुष्कळ. नोकरी इथे, जीव तिकडे. आजीने त्यांना खोली दिली ती भाड्यासाठी नव्हेच. "गुर्जी, पोराकडे जरा बघत जा हो," एवढंच तिचं डिपॉझिट. गुरुजींनी ते फारच मनावर घेतलं.

आमच्या शाळेत पावसाळ्यात एक हुकमी कारण चाले: 'पऱ्याला पाणी आलं होतं, गुरुजी.' गुहागर तालुक्यातला पाऊस, साकवावरून पाणी जाई हे खरंच. आणि जात नसलं तरी बघायला कोण येतंय? पलीकडच्या वाडीतली पोरं तेवढ्या एका वाक्यावर दिवसचे दिवस चढणीचे मासे धरत. मी मात्र गुरुजींच्या हातात हात देऊन साकव ओलांडायचो. हात त्यांनी धरलेला असे. घाटावरच्या माणसाला वाहत्या पाण्याची भीती फार. वर्गात पाऊल टाकलं की तोच हात छडी शोधू लागे.

पोटदुखीचीही तीच गत. सकाळी घोंगडीत मुरगळून कण्हायला लागावं, तर पडवीतून आवाज येई, "रात्री आठळ्यांची अख्खी पाटी संपवल्यावर दुसरं काय होणार? चालायला लाग, मोकळं वाटेल." वही घरी राहिली म्हणायचीही सोय नव्हती. एकदा म्हटलं, तर भर वर्गात उत्तर आलं, "माजघरातल्या फडताळात, पंचांगाखाली आहे. जा, घेऊन ये." वही कोरी आहे हेही त्यांना ठाऊक होतं. तरी पाठवलं, आणि वर पाऊस.

गुपितं मलाही कमी ठाऊक नव्हती. आल्या वर्षी माशाच्या वासाने नाकाला रुमाल लावणारे गुरुजी आता बांगडा तव्यावर पडला की 'आजी, काही मदत?' म्हणून चुलीपाशी घोटाळत. न्हाणीघरात खेकडा निघाला तेव्हा ते पंचा सावरत कुठवर पळाले, तेही मी पाहिलं होतं. पण सांगतो कुणाला? पोरं हसली असती आणि संध्याकाळी कंदिलासमोर शुद्धलेखनाला मी एकटाच बसलो असतो.

त्यात १ ऑगस्ट, टिळक पुण्यतिथी. इतरांची भाषणं पाच ओळींची. माझी तालीम जुलैभर ओटीवर चाले. ऐकून ऐकून आजीला ते भाषण माझ्याआधी पाठ झालं. तांदूळ निवडताना ती मला पुढची ओळ सांगे. १८५६ साली रत्नागिरीत जन्म, वडील गंगाधरपंत शिक्षक, १८६६ साली वडिलांची पुण्याला बदली. पोरांना शेंगांची टरफलं न उचलणारे बाणेदार टिळक आवडत. मला वाटे, बाणा ठीक आहे, पण मास्तर घरातच असताना हा माणूस जेवायला कसा बसला असेल? गुरुजींचं लक्ष मात्र बदलीच्या वाक्यावर. ते आलं की त्यांचा गळा भरून येई. तेव्हाच्या काळात रत्नागिरीहून पुण्याला बदली मिळते आणि आपला अर्ज कुठल्या तरी टेबलावर धूळ खातोय, हे त्यांना सलत असणार.

मे महिन्यात मी मुंबईला लालबागला काकांकडे पळालो. चौपाटी पाहून आलो आणि मोठ्या हौसेने आजीला कार्ड टाकलं. आजीला वाचता येत नव्हतं, हे कार्ड पेटीत पडल्यावर आठवलं. उत्तर वळणदार अक्षरात आलं: 'समुद्रातला उकार पहिला. समुद्राकाठच्या मुलाला एवढं यावं. रोज एक पान लिहून काकांना दाखवणे. बाकी आजी बरी आहे.' काकांनी त्याच दिवशी वही आणली.

पुढच्या शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी आमच्या खळ्यात नाचली. आजीने ओटी भरली. मग गुरुजी पुढे झाले, नारळ ठेवला आणि मानकऱ्यांच्या कानात काहीतरी पुटपुटले. मानकऱ्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, "बा देवा महाराजा, घाटावरचं हे लेकरू चाकरीसाठी तुझ्या गावात ऱ्हायलंय, त्याची मुलखात बदली होऊ दे रे महाराजा..."

"होय महाराजा!" मी असा ओरडलो की ढोलवाला थबकला.

गुरुजी सावकाश मागे वळले. "हाच आवाज एकोणतीसच्या पाढ्याला कुठे जातो रे?"