पौलाने पुस्तकं मागवली होती

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. कधी नुसता लिहिलेला, कधी मागे संगीत लावून भरदार आवाजात वाचलेला. आशय थोडक्यात असा: देवाचं ज्ञान आणि जगाचं ज्ञान यांचं वैर आहे. शिक्षण, तत्त्वज्ञान, वैद्यक हे सगळं जगाचं ज्ञान, आणि पौलाने, म्हणजे बायबलमधली अनेक पत्रं लिहिणाऱ्या प्रेषिताने, त्याला मूर्खपणा म्हटलं आहे. अथेन्समध्ये तो विद्वत्तेच्या नादी लागला आणि तोंडघशी पडला. येशूने पंडित नाही, कोळी निवडले. खरा उपदेशक तयारी करत नाही, आत्मा त्याचं तोंड भरतो. खरा विश्वासणारा डॉक्टरकडे धावत नाही. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: डोकं चालवू नका, विश्वास ठेवा, दहा जणांना पाठवा.

यातलं जे खरं आहे ते आधी मान्य करतो. वधस्तंभाचा, म्हणजे येशूला ज्यावर मारलं त्या क्रुसाचा, संदेश जगाला वेडेपणा वाटतो, हे पौलाचंच म्हणणं आहे. आणि व्यासपीठावरून वचनाच्या नावाखाली यशाचे सात मंत्र ऐकून ज्यांचं डोकं उठतं, त्यांच्यात मीही आहे. माझी तक्रार ‘जगाचं ज्ञान’ या दोन शब्दांच्या पोत्यात काय काय कोंबलं जातं, याबद्दल आहे.

“पौलाने ज्ञानालाच मूर्खपणा म्हटलं”

पौलाने करिंथ या ग्रीक शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पहिला अध्याय काढा, पण अठराव्या वचनावर उडी मारू नका. दहाव्यापासून वाचा. मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, भांडण लागलंय. एक म्हणतो मी पौलाचा, दुसरा म्हणतो मी अपुल्लोसाचा, तिसरा केफाचा, म्हणजे पेत्राचा. अपुल्लोस आलेक्सांद्रियाचा, वक्तृत्वात तरबेज. बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक तसं सांगतंच. थोडक्यात, ‘आमचा वक्ता तुमच्या वक्त्यापेक्षा भारी’ अशी चढाओढ चालली होती.

शहरही त्या चढाओढीला साजेसं. रोमन सैन्याने इ.स.पूर्व 146 मध्ये करिंथ उद्ध्वस्त केलं, आणि जवळपास शंभर वर्षांनी, इ.स.पूर्व 44 मध्ये, जूलियस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवलं. तिथे येऊन राहिलेल्यांत गुलामगिरीतून सुटलेले पुष्कळ. घराणं जुनं नाही, पैसा नवा. मग माणसाची पत कशावरून ठरायची? तो कोणाच्या ओळखीचा, कोणत्या नामांकित वक्त्याच्या गोटातला, यावरून. हा तराजू लोक मंडळीतही घेऊन आले. पुढे वाचाल तर तोच तराजू जागोजागी दिसतो: सहाव्या अध्यायात बांधव एकमेकांना कोर्टात खेचतायत, अकराव्यात प्रभुभोजनाला काही जण पिऊन तर्र आहेत आणि काही उपाशी.

त्या तराजूत पौल वधस्तंभ टाकतो. आज आपण तो गळ्यात घालतो, म्हणून त्या कृतीतला धक्का जाणवत नाही. रोममध्ये पॅलाटाइन टेकडीवर 1857 साली एका जुन्या भिंतीवर ओरखडून काढलेलं चित्र सापडलं: वधस्तंभावर गाढवाच्या डोक्याचा माणूस, खाली हात उंचावून उभा असलेला एक जण, आणि ग्रीकमध्ये ओळ, ‘अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतोय’. कोणीतरी ओळखीच्या ख्रिस्ती पोराची केलेली टिंगल. चित्र पौलानंतरचं, पण त्याने ‘मूर्खपणा’ हा शब्द का वापरला ते या भिंतीवर दिसतं. त्या जगात मोठेपणा मोजण्याची जी रीत होती, तिच्यात टांगून मारलेला माणूस शून्य होता. देवाने नेमका तोच निवडला. पौल ज्या ज्ञानाला मोडीत काढतो ते हे, मोठेपणाचं गणित.

पौल तिथे जुन्या करारातलं वचन देतो, ‘मी ज्ञान्यांचं ज्ञान नष्ट करीन’ या अर्थाचं. ते यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, 29:14. तिथले ‘ज्ञानी’ कोण? यशयाचे आसपासचे अध्याय वाचले की कळतं: अश्शूर साम्राज्याच्या भीतीने, देवापासून लपवून, मिसरशी (इजिप्तशी) करार करू पाहणारे यहूदाचे दरबारी सल्लागार. आता फक्त एक अध्याय मागे या, यशया 28 च्या शेवटी. तिथे शेतकरी आहे. तो सारखा नांगरतच बसत नाही, वेळ आली की पेरतो. जिऱ्यावर तो मळणीचा गाडा फिरवत नाही, काठीने झोडतो, कारण गाड्याने दाण्याचा भुगा होईल. इतकं बारीक सांगून यशया म्हणतो की हे त्याला त्याच्या देवाने शिकवलं. हेसुद्धा सेनाधीश परमेश्वराकडून येतं. म्हणजे ज्या लिखाणातून ‘ज्ञान नष्ट करीन’ घेतलं, त्याच लिखाणात मळणीची अक्कल देवाची देणगी आहे. निर्गम 31 मध्ये बसालेल हा कारागीर देवाच्या आत्म्याने भरला जातो तो सोन्या-पितळेच्या कारागिरीसाठी. ‘ज्ञान’ यासाठी हिब्रूत जो शब्द नीतिसूत्रांत आहे, तोच तिथे त्याच्या हातातल्या हुन्नरासाठी आहे.

याकोबाने तर आपल्या पत्रात वाद मिटवूनच टाकलाय. तिसऱ्या अध्यायात तो वरून येणारं ज्ञान आणि पृथ्वीवरचं, सैतानी ज्ञान असा स्पष्ट भेद करतो. पण ओळखायचं कसं? विषय बघून नाही. जिथे मत्सर आणि स्वार्थी चढाओढ, ते खालचं. जे शुद्ध, शांतिप्रिय, सौम्य, समजूत पटणारं, ते वरचं. ‘समजूत पटणारं’ यावर जरा थांबा. या कसोटीवर एखादा गणिताचा शिक्षक सहज उतरेल, आणि एखादा गर्जणारा उपदेशक सपशेल नापास होईल.

“अथेन्समध्ये विद्वत्ता दाखवली म्हणून पौल हरला, मग करिंथमध्ये त्याने ती सोडली”

हे आकर्षक आहे, आणि चांगल्या-चांगल्यांनी उपदेशात वापरलंय. पण बांधलेलं आहे ते रिकाम्या जागेवर. अथेन्समध्ये दियनुस्य, दामारी आणि आणखी काहींनी विश्वास ठेवला असं प्रेषितांची कृत्ये लिहिणारा लूक नाव घेऊन सांगतो; पौलाला पश्चात्ताप झाल्याचा एक शब्द नाही. तिथे त्याने अरातस या ग्रीक कवीची ओळ वापरली होती, ‘आपण त्याचा वंश आहोत’. बरं, करिंथनंतर त्याने हे सोडलं का? करिंथकरांनाच लिहिलेल्या त्याच पत्रात, पंधराव्या अध्यायात, ‘वाईट संगतीने नीती बिघडते’ ही ओळ येते. ती मिनँडर या ग्रीक विनोदी नाटककाराची मानली जाते. पुढे इफिसात तो तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज वादसंवाद करत होता. सोडलेल्या माणसाची ही लक्षणं नाहीत.

आणि गंमत पाहा. ‘ज्ञानी कोठे? शास्त्री कोठे? या युगाचा वादपटू कोठे?’ मग ‘पुष्कळ ज्ञानी नाहीत, पुष्कळ बलवान नाहीत, पुष्कळ कुलीन नाहीत’, मग तीनदा ‘देवाने निवडले’. वक्तृत्वाची घमेंड उतरवणारा हा उतारा स्वतः घडवलेल्या वक्तृत्वाचा उत्तम नमुना आहे. शिवाय ‘पुष्कळ नाहीत’ म्हणजे ‘कोणीच नाही’ असं होत नाही.

“येशूने कोळी निवडले”

निवडले. आणि मग त्यांना घरी नाही पाठवलं. बरोबर घेऊन फिरला, शिकवलं, चुकले तिथे खडसावलं, पुन्हा शिकवलं. पेत्र आणि योहान ‘अशिक्षित’ होते हा प्रेषितांची कृत्ये 4:13 मधला शेरा त्यांची चौकशी करणाऱ्या सभेच्या मनातला आहे, आणि त्याच वचनात पुढे आहे की हे येशूच्या सहवासात होते हे त्यांनी ओळखलं. गमलिएल या नामांकित यहूदी गुरूच्या पायाशी शिकलेला पौलही त्याच येशूने निवडला, हे हा मजकूर सोयीने गाळतो.

“आत्मा तोंड भरतो, तयारी कशाला?”

मत्तय 10 मधलं वचन. ‘काय बोलावं याची चिंता करू नका.’ कधी? तुम्हाला धरून अधिकाऱ्यांपुढे आणि राजांपुढे उभं करतील तेव्हा. हे अटक झालेल्यांसाठीचं आश्वासन आहे. रविवारी सकाळी दहाला बोलायचंय हे ज्याला आठवडाभर माहीत आहे, त्याला ते लागू होत नाही.

आत्म्याने भरलेली माणसं काय करत होती? लूक आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच वाक्यात सांगतो की त्याने सगळं मुळापासून नीट शोधून क्रमवार लिहिलंय. आणि पौलाने तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवट पाहा. पौल कैदेत आहे, मरण जवळ आलंय हे त्याला कळलंय, हिवाळा तोंडावर आहे. तो म्हणतो, येताना त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण, आणि पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. ज्याने तिसऱ्या स्वर्गापर्यंतचे अनुभव सांगितले, त्याला गारठ्यात झगा हवा होता आणि वाचायला पुस्तकं हवी होती.

ही ‘थेट वरून’वाली मंडळी नवीन नाहीत. चौथ्या शतकाच्या अखेरीस ऑगस्टीन या बिशपने उपदेशकांसाठी एक ग्रंथ लिहायला घेतला तेव्हा प्रस्तावनेतच त्याला त्यांची दखल घ्यावी लागली. त्याचं उत्तर साधं होतं: तुम्ही निदान अक्षरं तरी माणसाकडूनच शिकलात ना? आणि सगळं थेट देवाकडून मिळत असेल तर तुम्ही लोकांना समजावून का सांगता, त्यांनाही थेट देवाकडे का पाठवत नाही? पौलाला आकाशातून वाणी झाली, तरी त्याला हनन्या या साध्या शिष्याकडे पाठवण्यात आलं. मोशेशी देव बोलत होता, तरी कारभार कसा वाटून द्यावा हे त्याला सासऱ्याने, मिद्यानी याजकाने, शिकवलं. मी यात एवढीच भर घालीन: ‘माणसाच्या विद्येची गरज नाही’ हे ज्या मराठी बायबलवर हात ठेवून सांगितलं जातं, ते मराठीत आणण्यासाठी कोणीतरी हिब्रू धातू आणि ग्रीक विभक्त्या घोकल्या आहेत.

कलस्सै 2:8 मधल्या ‘तत्त्वज्ञान आणि पोकळ भुलथापा’ यांचाही आधार दिला जातो. तिथे लगेच खाली कशाबद्दल इशारा आहे? खाणंपिणं, सण, अमावास्या, ‘हात लावू नको, चाखू नको’ असले नियम. माणसांनी केलेली बंधनं देवाच्या नावावर लादणारे लोक तिथे पौलाच्या समोर आहेत. ते आजच्या चित्रात कोणत्या बाजूला बसतात, ते वाचणाऱ्याने पाहावं.

“विश्वासणारा डॉक्टरकडे जात नाही”

इथे माझा सूर बदलतो, कारण बाकीचे मुद्दे चुकले तर उपदेश बिघडतो, हा चुकला तर माणूस जातो. आधार यहूदाच्या आसा राजाचा, 2 इतिहास 16:12: पायाला रोग झाला, त्याने परमेश्वराचा शोध न घेता वैद्यांचा घेतला. दोष कशाला दिलाय? परमेश्वराचा शोध न घेण्याला. पूर्ण अध्याय त्याचाच आहे: आसाने मंदिरातलं सोनं-रुपं काढून अरामाच्या राजाला पाठवलं आणि मदत विकत घेतली. हनानी द्रष्ट्याने तोंडावर चूक दाखवली, तर त्याला कैदेत टाकलं. टीका करणाऱ्याला गप्प करणारा राजा, अशी ही गोष्ट आहे. मधलं एक वचन कापून तिचं वैद्यांविरुद्धचं फर्मान होत नाही.

दुसरीकडे यहूदाचाच आजारी राजा हिज्कीया. देवाने त्याला पंधरा वर्षं आयुष्य वाढवून दिल्याचं वचन दिलं, आणि त्यानंतरही यशया सांगतो, अंजिरांची चकती आणा आणि गळवावर बांधा. वचनही आणि पोटीसही. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो. लूकला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. आणि खुद्द येशू म्हणतो, निरोग्यांना नाही, दुखणाइतांना वैद्याची गरज असते. त्याचा रोख पाप्यांकडे होता हे खरं, पण वैद्याकडे जाणं हा अविश्वास असता तर त्याने स्वतःसाठी ती उपमा घेतली नसती. रुग्णासाठी प्रार्थना जरूर करा. पण त्याच्या उशाशी असलेल्या गोळ्या ‘जगाचं ज्ञान’ म्हणून बंद करायला सांगणाऱ्याने हे वचनातून आलं असं म्हणू नये.

“डोकं चालवू नका”

नीतिसूत्रे 3:5 पुढे केलं जातं: आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नकोस. बरोबर. पण ‘आपल्याच’ मधला ‘च’ गाळून ते वाचलं जातं, आणि मग सावकाश त्याचा अर्थ होतो, ‘माझ्या बुद्धीवर अवलंबून राहा’. तेच पुस्तक सांगतं की मसलत नसली तर बेत फसतात, आणि सल्लागार पुष्कळ असले तर ते तडीस जातात. आज्ञांमधली पहिली कोणती असं विचारल्यावर येशूने ‘पूर्ण मनाने’ आणि ‘पूर्ण जिवाने’ यांच्याबरोबर ‘पूर्ण बुद्धीने’ प्रीती कर असंही सांगितलं.

प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास असेल, तर बिरुया गावच्या लोकांचं काय करायचं? पौल स्वतः येऊन उपदेश करतोय, आणि हे लोक रोज शास्त्र उघडून बघतायत, हा म्हणतो ते खरं आहे का. लूक त्यांना उद्धट म्हणत नाही, थेस्सलनीकेतल्या लोकांहून मोठ्या मनाचे म्हणतो. आणि लगेच पुढचं वचन: म्हणून त्यांच्यातल्या पुष्कळांनी विश्वास ठेवला.