बायोटेकला मायक्रोबायोलॉजीचं बेसिक लागत नाही म्हणे!

बारावीचा निकाल लागला की तो मेसेज परत फिरायला लागतो. मायक्रोबायोलॉजी आउटडेटेड झाली, ग्राम स्टेनिंग (बॅक्टेरिया रंगवून ओळखणं) आणि स्ट्रीकिंगमध्ये (प्लेटवर रेघा ओढून ते वेगळे करणं) वर्षं घालवू नका, आता किट आणि सॉफ्टवेअर सगळं करतं, जंतूंचा अभ्यास पॅथॉलॉजीवाल्यांनी करावा, बायोटेक हे वेगळंच फील्ड आहे. यावेळी भाचीनेच पाठवला, "मावशी, खरंय का गं?" म्हणून. नाहीये, आणि का ते सांगते.

आधी ते "वेगळंच फील्ड". पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या कॉप्या काढायच्या पद्धतीत, दर फेरीला सॅम्पल ९५ डिग्रीच्या आसपास तापवावं लागतं, सुरुवातीला त्यात एन्झाइम मरायचं आणि प्रत्येक वेळी नवीन घालत बसायला लागायचं, मग टॅक पॉलिमरेज हे उष्णता सोसणारं एन्झाइम आलं आणि ती कटकट संपली. ते ज्या बॅक्टेरियातून आलं तो थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांना १९६६ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यात सापडला, तेव्हा पीसीआरचा पत्ताच नव्हता. क्रिस्परचं (जीन कापून बदलायच्या तंत्राचं) पण तसंच, बॅक्टेरिया हे व्हायरसशी लढायला वापरतात हे २००७ मध्ये दह्याच्या विरजणातल्या बॅक्टेरियावर सिद्ध झालं.

"स्टेनिंग जुनं झालं" यावर मात्र मला राग येतो. एका कंपनीत फर्मेंटेशनला होते तेव्हाची गोष्ट, टाकीत आमचा ई. कोलाय (प्रोटीन बनवायला जीन घातलेला बॅक्टेरिया) वाढतोय, पीसीआर पॉझिटिव्ह, जीन आहे म्हणून सगळे निवांत, पण प्रोटीन निघतंय जेमतेम. आमच्या सिनियर मॅडमनी ब्रॉथचा (टाकीतल्या द्रवाचा) एक थेंब स्लाइडवर पसरला, ज्योतीवरून फिरवला, मग क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रनिन, दहा मिनिटांचं काम. मायक्रोस्कोपच्या ऑइल इमर्शन लेन्सखाली बघितलं तर बारीक गुलाबी काड्यांच्या, म्हणजे आमच्या ई. कोलायच्या, गर्दीत जाड जांभळ्या काड्या आणि काहींच्या पोटात न रंगलेला गोल ठिपका. स्पोअर, बॅक्टेरियाचं उष्णतेत तगणारं कवचबंद रूप! म्हणजे बॅसिलस हा दुसराच बॅक्टेरिया घुसलाय, आणि स्पोअर वाचलाय म्हणजे वाफ कुठेतरी नीट पोचली नाहीये. शोधलं तर पाइपच्या एका बेंडमध्ये निर्जंतुक करायला लागणारं १२१ डिग्री होतच नव्हतं. पीसीआरला आम्ही जीन आहे का एवढंच विचारलं होतं, त्याने तेवढंच सांगितलं.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर पुण्यात एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) इंडस्ट्रियल मायक्रोऑर्गॅनिझम्सचं कलेक्शन आहे, तिथून कल्चर मागवलं तरी ते जिवंत करणं, लूप (तारेचं कडं) लाल होईपर्यंत तापवून, थंड करून प्लेटवर रेघा ओढणं आणि सुट्या कॉलनी मिळवणं तुम्हालाच करायचंय.

आणि जंतू म्हणजे फक्त रोग? १९८२ मध्ये बाजारात आलेलं ह्यूमन इन्सुलिन ई. कोलायनेच बनवलेलं होतं, त्याआधी डुकरं आणि गाईबैलांच्या स्वादुपिंडातून काढायचे.

एक मान्य करते, बऱ्याच कॉलेजात हे सगळं जर्नलमध्ये चित्रं उतरवून शिकवतात, मायक्रोस्कोपला वर्षात चार वेळा हात लागतो, त्याचा कंटाळा येणारच. पण तो दोष शिकवण्याचा झाला, विषयाचा नाही.

भाची रविवारी येतेय. घरच्याच दह्याचा स्मिअर (स्लाइडवर पसरलेला पातळ थर) करून देणारे तिला, जांभळ्या काड्या आणि मण्यांच्या माळा तिने स्वतः फोकस करायच्या.