सिंहांनी उजेडात जेवावे

सिंह बहुतेक शिकार रात्री किंवा झुंजूमुंजूच्या सुमारास करतो, ही त्याची फार जुनी खोड आहे, आणि छायाचित्रकारांच्या सोयीसाठी ती सोडण्याची तयारी त्याने अद्याप दाखवलेली नाही. त्यामुळे केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात आपली गाडी एखाद्या किलपाशी (म्हणजे मारलेल्या शिकारीपाशी) पोहोचेल तेव्हा वाइल्डबीस्ट या हरणकुळातल्या प्राण्याचे पोट फाडून झालेले असेल, छाव्यांची तोंडे कानांपर्यंत माखलेली असतील, आणि पूर्वेला जेमतेम तांबडे फुटलेले असेल. अशा वेळी आपण मुळीच डगमगू नये. कॅमेरा महागातला घेतला आहे. उजेडाचे काय ते आता त्याने पाहावे.

आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता, मात्र वाढवू नये. तो वाढवला की चित्रात नॉइज (दाणे) येतो, हे आपण घरूनच ऐकून आलेले असता, तेव्हा त्या ज्ञानाशी एकनिष्ठ राहून ४०० वरच थांबावे, अ‍ॅपर्चर (लेन्सचे प्रकाश आत घेणारे छिद्र) एफ/५.६ ठेवावे, आणि शटरचा वेग १/३० सेकंदापर्यंत घसरला तरी लेन्समधले स्टॅबिलायझेशन सांभाळून घेईल असा विश्वास बाळगावा. ते आपल्या हाताची थरथर सांभाळते, पण बरगडीचे मांस सोडवताना मानेला हिसके देणाऱ्या सिंहिणीला स्थिर करू शकत नाही, ही किरकोळ बाब आहे. तिला गोठवायचे तर १/५०० लागेल, म्हणजे हाती येणारा प्रकाश जवळजवळ सोळावा हिस्सा होईल आणि आयएसओ थेट ६४०० वर न्यावा लागेल. दाणेदार पण स्पष्ट सिंहिणीपेक्षा गुळगुळीत पण ओळखू न येणारी सिंहीण केव्हाही कलात्मक दिसते; चित्राखाली ‘गतीचा आभास’ एवढे लिहिले की कोणी काही विचारत नाही. (प्रस्तुत लेखकाच्या संग्रही असे दोनशेहून अधिक आभास आहेत.)

एक्स्पोजरचा, म्हणजे चित्र किती उजळ यावे याचा, निर्णय सर्वस्वी कॅमेऱ्यातल्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरवर सोपवावा. समोरचे सारे जग मध्यम करड्या रंगाचे आहे अशी त्याची प्रामाणिक समजूत असते, म्हणून पहाटेचे गवत तो भरदुपारसारखे उजळतो आणि सिंहिणीच्या मागे सूर्य उगवला की आकाश सांभाळण्याच्या नादात तिचा कोळसा करतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचे बटण त्याला समज देण्यासाठीच असते, परंतु इतक्या महागड्या यंत्राला चारचौघांत समज देणे बरे दिसत नाही. काही लोक अशा उलट्या प्रकाशात मुद्दाम एक्स्पोजर एक-दोन स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) कमी ठेवून पाठीच्या केसांची सोनेरी कड आणि उघड्या जबड्यातून निघणारी वाफ तेवढी टिपतात. त्यांच्या चित्रात सिंहाचा पुरता चेहरा येत नाही, याबद्दल त्यांची कीव करावी.

थोडे थांबून ऊन वर येऊ द्यावे म्हणाल, तर सिंहीण उरलेली शिकार झाडाखाली ओढून नेते, आणि तिथे पानांतून गळणाऱ्या उन्हाच्या ठिपक्यांनी तिचा बिबट्या होतो.

फ्लॅशचा विचार एव्हाना आपल्या मनात आलाच असेल. सिंहाच्या डोळ्यांत, दृष्टिपटलामागे, प्रकाश परतवणारा थर असतो. फ्लॅश उडाला की चेहऱ्याच्या जागी दोन दिवे पेटलेले दिसतात आणि गाडीच्या हेडलाइटचे चित्र काढल्याचे समाधान मिळते.

राहता राहिले अंतर. एका शिकारी प्राण्याभोवती पाचच गाड्या, त्याच्यापासून २५ मीटर दूर, आणि मागे रांग असल्यास दहा मिनिटांत जागा सोडणे, हे मारातले नियम सहाव्या गाडीसाठी केलेले आहेत. आपली गाडी नेहमी पाचवीच असते. चालकाने कुरकुर केल्यास बक्षिशीचा विषय हळूच काढावा. गाडी इतकी जवळ घ्यावी की ६०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये सिंहिणीची एकच नाकपुडी मावेल आणि त्यावरच्या माश्या मोजता येतील. इंजिनच्या घरघरीने ती शिकार सोडून उठली, तर कडेला ताटकळणारे तरस तत्परतेने पुढे येतात आणि त्यांचेही फोटो मिळतात.

एवढे सगळे झाल्यावर आपण मान खाली घालून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर नाकपुडीचे तीनशे फोटो एकेक करून मोठे करून पाहावेत. नेमक्या त्याच वेळी ढगाच्या फटीतून ऊन तिरपे उतरते, सिंहीण रक्ताने भिजलेले तोंड वर उचलून सरळ आपल्याकडे पाहते, जिभेने एकदा मिशा पुसते आणि पुन्हा खाली वाकते. शेजारच्या गाडीतून शटरचा कडकडाट ऐकू येईल. त्या लोकांना आवाज करू नका म्हणून सांगावे.