आधी लाइट बिलाचं बोला ना!
सोसायटीच्या मीटिंगला सोलरवाले येतात आणि दरवेळी तेच, आधी कंपनीचा इतिहास, मग डायरेक्टरांचे फोटो, मग बारीक अक्षरांनी गच्च भरलेल्या स्लाइड्स आणि त्या पण आमच्याकडे पाठ फिरवून जशाच्या तशा वाचून दाखवणार. अरे बाबांनो, लोकांना एवढंच हवंय की लिफ्ट आणि पंपाचं बिल किती कमी होणार, खिशातून किती जाणार आणि उद्या गच्ची गळली तर कोण बघणार! केंद्र सरकारच्या गच्चीवरच्या सोलरसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी आहे, सगळ्यात कामाची गोष्ट ही, आणि ती कुठे तर शेवटून दुसऱ्या स्लाइडवर, तोपर्यंत निम्मे लोक चहा पिऊन घरी गेलेले! मग ठराव ढकला पुढच्या मीटिंगवर आणि भरत बसा मेंटेनन्स.